पात्राला संस्कृत नाव हवे आहे? लेखकांचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

मराठीत आपण ज्या साहित्यप्रकाराला 'कादंबरी' म्हणतो, ते मुळात एका पात्राचे नाव. सातव्या शतकात बाणभट्टाने आपल्या नायिकेला, एका गंधर्वकन्येला, ते दिले. कादंबरी म्हणजे मद्य, आणि बाणाने तिच्या आईचे नाव ठेवले मदिरा. आईच्या नावातून लेकीचे नाव उतरले. एका पात्राचे नाव इतके जमून यावे की पुढे हजार वर्षांनी एका भाषेने अख्ख्या साहित्यप्रकाराला तेच वापरावे, याचे मला अजून नवल वाटते. म्हणून नावांचे प्रश्न आले की मी ते सवडीने वाचते आणि सविस्तर उत्तर देते. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

नाव ठरवायला सुरुवात कुठून करायची? अर्थापासून का?

अर्थापासून नको. आधी विचारा, हे नाव कोणी ठेवले?

आपल्याकडचे बारसे आठवा. पाळणा सजवलेला, घुगऱ्यांचे पातेले स्वयंपाकघरात झाकून ठेवलेले, बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत बाळ या हातातून त्या हातात जाते. मग आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करते आणि नाव सांगते. त्या नावामागे किती जण उभे असतात पाहा. गुरुजींनी सांगितलेले अक्षर असते, आजोबांचा आग्रह असतो, आईने नववा महिना लागायच्या आधीपासून मनात धरलेले नाव असते, आणि कधी या तिघांच्या ओढाताणीत शेवटी आत्याचेच खरे होते.

पात्राच्या बाबतीत हे सगळे तुम्हाला ठाऊक हवे. कादंबरीत ते एका ओळीतही येणार नाही, तरी ठाऊक हवे. शिक्षक बापाने ठेवलेली 'वैखरी' आणि देवीला नवस बोललेल्या आजीने ठेवलेली 'अंबिका' या दोघी वेगवेगळ्या घरांतून येतात. दोन्ही शब्द शुद्ध संस्कृत आहेत. फरक घराचा आहे.

कालिदासाला हे नेमके कळले होते. रघुवंशात दिलीप राजा मुलाचे नाव ठेवतो तेव्हा कवी सांगतो की हा मुलगा विद्येच्या पार जावा आणि युद्धात शत्रूंच्याही पार जावा, म्हणून शब्दार्थ जाणणाऱ्या राजाने 'जाणे' या अर्थाचा धातू पाहून 'रघु' हे नाव केले. बापाची इच्छा आणि त्याची विद्वत्ता, दोन्ही त्या दोन अक्षरांत आली. कुमारसंभवात याच्या उलट आहे. तपाला निघालेल्या मुलीला आई म्हणते, 'उ, मा', म्हणजे 'अगं, नको'. त्यावरून ती उमा झाली. शब्दकोशात उमेचे अर्थ पुष्कळ सापडतील, पण आईने घाबरून घातलेली हाक तिथे सापडणार नाही.

पात्रांना नावे देण्याचे जुने नियम होते का?

होते, आणि ते वाचताना मला फार आनंद होतो, कारण ते लेखकांसाठीच केलेले नियम आहेत. नाट्यशास्त्र या नाटकावरच्या प्राचीन ग्रंथात भरतमुनीने कोणत्या पात्राला कोणत्या धाटणीचे नाव द्यावे ते सांगितले आहे. व्यापाऱ्यांची नावे बहुधा 'दत्त' या शेवटाची. गणिकांच्या नावाशेवटी दत्ता, मित्रा किंवा सेना. दासींना फुलांची नावे, चेटांना, म्हणजे सेवकांना, मंगल अर्थाची. राण्यांच्या नावात विजयाचा अर्थ, शूरांच्या नावात शौर्याचा, थोरांच्या नावात गांभीर्याचा. कापालिकाच्या, म्हणजे कवटी बाळगणाऱ्या शैव साधूच्या नावाशेवटी 'घंट'.

आता नाटके उघडून पाहा. मृच्छकटिकातली गणिका वसंतसेना. कालिदासाच्या मालविकेची मैत्रीण असलेली दासी बकुलावलिका, म्हणजे बकुळीच्या फुलांची माळ. भवभूतीच्या मालतीमाधवातला, मालतीचा बळी द्यायला निघालेला कापालिक अघोरघंट. नाव उच्चारले की प्रेक्षकाला पात्राचा वर्ग, धंदा आणि थोडासा स्वभावही कळत असे. त्या काळी रंगमंचावर पाटी लावायची सोय नव्हती, नावच ते काम करत होते.

सगळ्यांत सुंदर उदाहरण मृच्छकटिकाचा नायक चारुदत्त याचे. तो जन्माने ब्राह्मण, मग नावात 'दत्त' का? शेवटच्या अंकात त्याला वधस्तंभाकडे नेताना चांडाळ दवंडी पिटतात, त्यात उत्तर आहे. हा सार्थवाह (व्यापारी तांड्याचा प्रमुख) विनयदत्ताचा नातू, सागरदत्ताचा मुलगा, आर्य चारुदत्त. आजोबा विनयदत्त, बाप सागरदत्त, मुलगा चारुदत्त. तीन पिढ्यांचे व्यापारी घराणे एका शेपटाच्या अक्षरांत बांधले आहे, आणि ते आपल्याला कळते ते घराणे बुडत असताना. कुटुंबकथा लिहिणाऱ्याने हा प्रसंग वहीत उतरवून ठेवावा.

बाळाच्या नावाचे नियम वेगळे. पारस्कर गृह्यसूत्र हा घरगुती संस्कारांचा जुना ग्रंथ सांगतो की मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, सुरुवात घोष व्यंजनाने व्हावी, म्हणजे ग, ज, द, ब, भ, म यांसारख्या, आणि मधे य, र, ल, व यांपैकी काही यावे. मुलीचे नाव विषम अक्षरांचे आणि आकारान्त. व्याकरणकार पतंजलीनेही महाभाष्यात हा नियम दिला आहे आणि व्याकरण शिकण्याचे एक कारण म्हणून दिला आहे, कारण धातूपासून बनलेले कृदन्त आणि नामापासून बनलेले तद्धित यांतला भेद न कळणारा बाप मुलाचे नाव कसे ठेवणार? प्रत्यक्षात मात्र नियम सगळे पाळत नसत. कर्ण, शंतनू, परीक्षित, तिघांचीही सुरुवात क, श, प या अघोष अक्षरांनी होते. त्यामुळे नियम पाळणारे घर आणि न पाळणारे घर, दोन्ही तुम्हाला लिहिता येतील.

अर्थ स्वभावाशी जुळायलाच हवा का?

दुय्यम पात्रांत जुळला तर चालतो. शाकुंतलातल्या दोन सख्या बघा. एक प्रियंवदा, गोड बोलणारी. दुसरी अनसूया, जिच्या मनात असूया नाही. दोघी आपापल्या नावाप्रमाणे वागतात आणि आपल्याला ते आवडते.

मुख्य पात्रात अर्थ थोडा तिरपा लागू द्यावा. मृच्छकटिकात राजाचा मेहुणा असलेल्या खलनायक शकाराच्या गाडीवानाचे नाव स्थावरक. स्थावर म्हणजे न हलणारा. गाडी हाकणाऱ्याला असे नाव हसू आणणारे आहे. पण आठव्या अंकात मालक त्याला वसंतसेनेला मारायला सांगतो, आमिष दाखवतो, मारहाण करतो, आणि हा गुलाम जागचा हलत नाही. त्या क्षणी नावाचा खरा अर्थ उघडतो. वाचक तोवर ते नाव ऐकत आलेला असतो.

खलनायकाच्या नावात 'दुर्' किंवा भयंकर अर्थ असावा ना?

हा गैरसमज महाभारतापासून चालत आला आहे. दुर्योधन म्हणजे 'ज्याच्याशी लढणे कठीण'. दुःशासन म्हणजे 'ज्याला आवरणे कठीण'. क्षत्रिय आईबापांनी अभिमानाने ठेवलेली नावे आहेत ही. धृतराष्ट्र म्हणजे ज्याने राष्ट्र धरून ठेवले आहे तो. आणि रामाच्या बाजूला आलेला सज्जन बिभीषण, त्याच्या नावाचा अर्थ अतिशय भयंकर. कोणताही बाप पाळण्यातल्या मुलाला खलनायक म्हणून नाव ठेवत नाही. तुमच्या खलपात्राचे नाव त्याच्या आईच्या तोंडी कसे वाटेल ते म्हणून पाहा.

इंटरनेटवरच्या नावांच्या याद्यांतले अर्थ खरे धरावेत का?

कोश उघडल्याशिवाय नको. या एका गोष्टीबाबत मी फार आग्रही आहे, कारण चुकीचा अर्थ एका यादीतून दहा याद्यांत जातो आणि तिथून कादंबरीच्या पहिल्या पानावर येतो.

'आरव' घ्या. कित्येक ठिकाणी अर्थ दिलेला असतो 'शांत'. रव म्हणजे आवाज, आरव म्हणजे मोठा आवाज, गलका. शांत आहे तो 'नीरव'. अबोल, आतल्या आत राहणाऱ्या मुलाचे नाव 'आरव' ठेवून त्याचा अर्थ 'शांतता' असा संवादात घालणारी एक संहिता माझ्याकडे वाचायला आली होती. लेखिकेने अर्थाचे वाक्य काढले, नाव तसेच ठेवले, आणि त्या मुलाच्या आजोबांना एकदाच म्हणायला लावले, 'नावाला जागत नाही हा.' प्रसंग पहिल्यापेक्षा चांगला झाला.

'निशांत' मध्ये 'शांत' नाही. निशा अधिक अंत, रात्रीचा शेवट, म्हणजे पहाट. 'अनामिका' म्हणजे नाव नसलेली हे बरोबर, पण करंगळीशेजारच्या बोटालाही अनामिका म्हणतात, आणि ते अंगठीचे बोट. प्रेमकथा लिहिणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. 'अनुजा' म्हणजे मागून जन्मलेली, धाकटी बहीण. तुमची नायिका घरातली थोरली असेल तर अनुजा हे नाव कुणाला तरी खटकेल.

'रियांश' मध्ये 'अंश' संस्कृत आहे, 'रिय' असा शब्द संस्कृतात नाही. 'कियारा', 'शनाया' यांची संस्कृत व्युत्पत्ती लागत नाही. तरीही आज शाळेत जाणाऱ्या मुलीचे नाव शनाया असणे अगदी खरे आहे, आणि आजच्या पुण्यातल्या किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घराच्या कथेत ते खुशाल ठेवा. फक्त तिच्या आजीला त्याचा संस्कृत अर्थ सांगायला लावू नका.

तपासायचे कसे? वामन शिवराम आपट्यांचा १८९० सालचा कोश इंग्रजी अर्थ देतो, तरी वापरायला सोपा आहे. नाव आख्खे सापडले नाही तर फोडून बघा. उपसर्ग वेगळा, धातू वेगळा, शेवट वेगळा. एकही तुकडा सापडला नाही तर ते नाव संस्कृत नाही असे समजून पुढे चला. समानार्थी शब्द हवे असतील तर अमरकोशासारखी खाण नाही. कमळालाच किती शब्द आहेत, आणि प्रत्येकाची छटा वेगळी. पुंडरीक पांढरे, कोकनद तांबडे, इंदीवर निळे, कुमुद चंद्रप्रकाशात उमलणारे. 'कुमुदिनी' नावाची बाई रात्रपाळीची परिचारिका असेल तर लेखकाने नावाचा विचार केला आहे हे जाणत्या वाचकाला कळते.

मला कोणीच न वापरलेले नाव स्वतः घडवायचे आहे. जमेल?

जमेल, संस्कृत त्यासाठीच घडलेली भाषा आहे. पण जोड नीट बसली पाहिजे.

पहिली अडचण संधीची. सुर अधिक ईश सुरेश, रमा अधिक ईश रमेश, हे सगळ्यांना येते. म्हणून लोक तेजस् आणि नभस् यांनाही 'ईश' चिकटवून तेजेश, नभेश करतात. हे शब्द 'स्' ने संपणारे आहेत. घोष व्यंजन पुढे आले की त्यांचा शेवट ओ होतो. यशोधन, मनोहर, तपोधन, तेजोनिधी, सरोज. पुढे 'कर' आला तर यशस्कर. आकाशाचा स्वामी हवा असेल तर नभेश सोडून गगनेश करा, ते बिनचूक बसते. आजच्या कथेत मात्र तेजेश चालेल, कारण खऱ्या जगात तेजेश आहेत. गुप्तकाळातल्या राजपुत्राला तो चालणार नाही.

दुसरी अडचण समासाची, आणि ती जास्त खोल आहे. देवांचा कारागीर त्वष्टा, त्याने इंद्राला मारणारा मुलगा मिळावा म्हणून यज्ञ केला आणि 'इंद्रशत्रू' असा शब्द उच्चारला. त्याला म्हणायचे होते 'इंद्राचा मारेकरी'. स्वर, म्हणजे उच्चारातला आवाजाचा चढउतार, चुकला आणि अर्थ झाला 'इंद्र ज्याचा मारेकरी आहे तो'. जन्मलेला वृत्र इंद्राच्याच हातून मेला. पतंजली ही गोष्ट एका ओळीत सांगतो: यथेन्द्रशत्रुः स्वरतोऽपराधात्. घडवलेल्या नावाचे दोन विग्रह होतात का ते आधी पाहून घ्या. कधी दुसरा विग्रहच तुमच्या कथेचे बीज निघेल.

याउलटही होते. 'विश्वामित्र' पाहून अनेकांना वाटते, विश्व अधिक अमित्र, म्हणजे जगाचा शत्रू. तसे नाही. तो विश्वाचा मित्रच. ऋषीचे नाव असेल तर 'मित्र' पुढे आल्यावर मागचा 'अ' दीर्घ होतो, आणि पाणिनीने एवढ्यासाठी स्वतंत्र सूत्र केले आहे.

योद्ध्याला दणदणीत नाव हवे असेल तर मधे अनुस्वार येणारा साचा घ्या. धनंजय, मृत्युंजय, अरिंदम, विश्वंभर. पुराणांत पुरंजय, रणंजय असे राजे आहेत. मोठ्याने म्हणून पाहा, त्या अनुस्वारावर जीभ थांबते आणि मग 'जय' वर उडी घेते.

मुलीचे नाव 'आ' किंवा 'ई' नेच संपावे का?

बहुतेक वेळा संपते. पण शेवटचा 'आ' दिसला की स्त्री असे धरू नका. 'सुमेधा' हे संस्कृतात पुरुषाचेही नाव होऊ शकते, जसे अश्वत्थामा किंवा विश्वकर्मा. आणि मराठी घरांत मृणाल, किरण अशा मुली आहेतच.

मनुस्मृती म्हणते की नक्षत्र, झाड, नदी, पर्वत, पक्षी, साप यांचे नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये. पण वसुदेवाची बायको रोहिणी, बलरामाची रेवती, आणि आपल्या पणज्या गंगा, नर्मदा, गोदावरी. लोकांनी हा नियम कधी मनावर घेतलेला दिसत नाही.

माझी कथा सातवाहन काळातली आहे. नावे संस्कृतच ठेवू ना?

इथे जरा थांबा. त्या काळातले लोक एकमेकांना संस्कृत नावाने हाक मारत नव्हते. नाणेघाट, नाशिक, कार्ले, कान्हेरी, जुन्नर इथले बहुतेक लेख प्राकृतात आहेत आणि नावेही प्राकृतात. नाशिकच्या लेण्यांत नहपान या क्षत्रप राजाच्या जावयाचे नाव उषवदात असे येते, संस्कृतात तो ऋषभदत्त. त्याची बायको दखमिता, म्हणजे दक्षमित्रा. कार्ल्याचे लेणे घडवणारा वैजयंती नगराचा श्रेष्ठी, म्हणजे धनिक व्यापारी, भूतपाल. राजे आईच्या गोत्रावरून ओळखले जात, गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. गौतमी बलश्रीने मुलाच्या पराक्रमाचा लेख नाशिकला कोरवला, तो वाचताना आईचे नाव मुलाच्या नावात का होते ते जाणवते.

समजा, सोपाऱ्याच्या बंदरात होड्या बांधणाऱ्या कारागिराची मुलगी तुमची नायिका आहे. सोपारा म्हणजे जुने शूर्पारक, अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे जिथे सापडले ते. बापाचे आयुष्य समुद्रावर, म्हणून 'समुद्रदत्ता' सुचेल. आता ते तिच्या गल्लीत न्या. 'द्र' चा 'द्द' होईल, समुद्ददत्ता. आई एवढे लांब नाव हाकेला वापरणार नाही, ती 'समुदा' म्हणेल. मठातला शिकलेला भिक्षू पूर्ण नाव घेईल. लेण्याच्या भिंतीवर दान कोरताना कारागीर जोडाक्षर गाळून 'समुददता' लिहील. एका मुलीची चार रूपे झाली, आणि प्रत्येक रूपामागे एक माणूस उभा राहिला. संस्कृत रूप फक्त तुमच्या वहीत राहील, आणि ते तिथे असलेच पाहिजे, कारण बाकीची तीन त्यातूनच निघाली.

नाटककारही हेच करत. शाकुंतलात सख्या शकुंतलेला 'सउंदला' म्हणतात, आणि मृच्छकटिकातले चांडाळ चारुदत्ताला 'चालुदत्त' करतात, कारण त्यांच्या बोलीत र चा ल होतो.

आणि शिवकाल?

तिथे अर्णव, विहान, शौर्य नकोत. तानाजी, येसाजी, नेतोजी. सईबाई, येसूबाई, सोयराबाई. संस्कृत नावे होती, पण घासून मराठी झालेली. मोरेश्वराचा मोरो, नारायणाचा नारो, राघवाचा राघो, केशवाचा केसो, त्याला पुढे पंत किंवा जी. कागदावर पूर्ण नाव, वाड्यात अर्धे.

संस्कृत नाव दिले की पात्र एका ठरावीक जातीचे वाटते का?

प्रश्न अवघड आहे आणि तो टाळू नये. मनुस्मृतीत स्पष्ट लिहिले आहे की ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बळाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे जुगुप्सा वाटेल असे असावे. नाव हीसुद्धा लोकांना नाकारलेली गोष्ट होती. म्हणून आपल्या पात्राला सुंदर संस्कृत नाव कधीपासून मिळाले, या प्रश्नाला इतिहास आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यानंतर महाराष्ट्रातल्या हजारो घरांत सिद्धार्थ, राहुल, आनंद, सुजाता, संघमित्रा, यशोधरा, प्रज्ञा, मिलिंद ही नावे आली. कोशात 'सिद्धार्थ' एकच शब्द आहे. पण १९६० च्या सुमारास नागपूरच्या वस्तीत जन्मलेल्या सिद्धार्थच्या बापाने ते नाव काय मनात आणून ठेवले, हे तुम्हाला लिहिता आले पाहिजे. मिलिंद तर फार मौजेचे आहे. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा, आणि बौद्ध परंपरेत मिलिंद म्हणजे नागसेन या भिक्षूला प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिनँडर. एका घरात त्याचा भुंगा, दुसऱ्या घरात राजा.

धोंडू, दगडू, भिकू या नावांकडेही अडाणीपणा म्हणून पाहू नका. आधीची मुले दगावली की नजर लागू नये, मृत्यूने याच्याकडे बघू नये म्हणून आईबाप असे नाव ठेवत. कुरूप नाव वेदकाळातही आहे. ऐतरेय ब्राह्मणातल्या मुलाचे नाव शुनःशेप, त्याचे भाऊ शुनःपुच्छ आणि शुनोलांगूल, तिन्ही नावे कुत्र्याच्या शेपटावरची. आणि 'नकुशा' हे याच्या अगदी उलट टोकाचे. मुलगी नको होती म्हणून ठेवलेले. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा पावणेतीनशेहून जास्त मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. त्यातल्या एखाद्या मुलीने स्वतःसाठी कोणते संस्कृत नाव निवडले असेल आणि का, यावर मी कितीदा तरी विचार केला आहे.

पात्राला एकच नाव पुरे का?

खऱ्या माणसाला एक पुरत नाही. द्रौपदी म्हणजे द्रुपदाची मुलगी, पांचाली म्हणजे पांचालांची, तिचे स्वतःचे नाव कृष्णा. गांधारी, माद्री, कैकेयी ही सासरी पोचलेल्या राजकन्यांची माहेरच्या मुलखावरून पडलेली नावे. कर्णाचे अधिरथ आणि राधेने ठेवलेले नाव वसुषेण. राधेय म्हटले की आई आठवते, सूतपुत्र म्हटले की अपमान. कोण कोणत्या क्षणी कोणते नाव घेतो, यावर आख्खा प्रसंग उभा राहतो.

मराठी घरात तर लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने सुनेचे नवे नाव लिहीत. माहेरची वैजयंती सासरी सुमती होई आणि माहेरी आली की पुन्हा वैजू. तुमच्या पात्राला सगळ्यांत आतले नाव कोणाकडे आहे ते ठरवा. ते नाव घेणारे माणूस गेले की काय होते, हेही.

प्राण्यांना, यंत्रमानवांना संस्कृत नावे कशी द्यावीत?

पंचतंत्र उघडा. एक ठळक लक्षण घ्यायचे आणि शेवटी बहुधा 'क' लावायचा. तांबूस सिंह पिंगलक, हळू चालणारे कासव मंथरक, हलके उडणारा कावळा लघुपतनक, रंगीत मानेचा कबुतरराजा चित्रग्रीव. अंतराळयानातल्या यंत्राला 'मंथरक' म्हणा, मराठी वाचक लगेच त्याच्यावर माया करेल.

लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ कोणते?

मराठीत शेवट दीर्घ, म्हणून रवी, हरी, विष्णू. समासात पुढे शब्द आला की ऱ्हस्व, रविकिरण, हरिप्रसाद, विष्णुदास. ऋ आपण 'रु' म्हणतो, हिंदीभाषक 'रि' म्हणतो. तुमची ऋता भोपाळला गेली तर तिची रिता होईल. हा तपशील कथेत वापरण्यासारखा आहे.

अर्धी कादंबरी झाली आणि आता नाव बदलावेसे वाटते. बदलू का?

बदला. देवव्रताचा भीष्म झाला, सर्वदमनाचा भरत झाला. नाव अंगाला बसत नसेल तर पात्र तुमच्याशी बोलायचे थांबते, हे मी अनुभवले आहे.

फक्त संगणकावर एका फटक्यात शोधून बदलू नका. मराठीत नावाचे सामान्यरूप होते. मदनिका असेल तर पुढे मदनिकेने, मदनिकेला, मदनिकेच्या. तिची मालती केलीत तर संगणक 'मदनिका' तेवढे बदलेल आणि 'मदनिकेच्या' तसेच राहील. शेवटचा 'ई' असला की रूप बदलत नाही, मालतीने, मालतीला. 'आ' असला की 'ए' होतो. आजकाल काही जण 'मदनिकाने' लिहितात, तर तुम्ही दोन्ही रूपे शोधा. पुरुषांत चारुदत्ताने, रघूने, शिखंडीने, प्रत्येकाची चाल वेगळी. प्रत पूर्ण छापून घ्या, हातात पेन्सिल धरा आणि प्रत्येक ठिकाणी नवे नाव मोठ्याने म्हणत पुढे जा. एखाद्या पानावर जीभ जुन्याच नावाकडे वळेल. त्या पानावर पेन्सिलीची खूण करून ठेवा आणि तो प्रसंग नव्याने लिहा.